माझा धर्म मला खरा वाटतो, मग मी दादांसारखीच का?

ताई,

मी पन्नाशीला आलेली, नोकरी करणारी बाई. श्रद्धाळू आहे. प्रार्थनेशिवाय माझा दिवस सुरू होत नाही आणि माझा धर्म मला खरा वाटतो, नुसता वाडवडिलांकडून आला म्हणून नव्हे. ऑफिसात माझी एक जिवाभावाची मैत्रीण आहे, ती दुसऱ्या धर्माची. माझ्या आजारपणात रात्री हॉस्पिटलात तीच उशाशी बसायची. माझे थोरले भाऊ, ज्यांनी वडिलांच्या माघारी आम्हा भावंडांना वाढवलं, ते अलीकडे तिच्या धर्माच्या लोकांबद्दल फार कडवट बोलायला लागलेत. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एखादा व्हिडिओ आणि खाली एक ओळ, 'ही माणसं अशीच.' मी गप्प बसते. मागच्या महिन्यात मैत्रीण घरी आली होती, दादाही होते. गप्पा छान रंगल्या. निघताना दादा तिला कौतुकाने म्हणाले, 'तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच नाही हो!' ती हसली. मीही हसले. त्यानंतर ती घरी आलेली नाही. ऑफिसात बोलते, पण कामापुरतं. दादांना काही बोलायला जावं तर त्यांचे उपकार आठवतात. शिवाय 'सगळे धर्म सारखेच' असं माझ्या तोंडून निघत नाही, कारण मला तसं वाटत नाही. मग माझ्यात आणि दादांच्यात फरक तो काय? माझा सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, 'आई, धर्म आहेत म्हणून भांडणं आहेत, सोडून दे ना सगळं.' कधी कधी वाटतं, त्याचंच खरं असेल.

अस्वस्थ

प्रिय अस्वस्थ,

तुमच्या पत्रात एकाही धर्माचं नाव नाही. मीही विचारत नाही, अंदाजही बांधत नाही. अशी पत्रं माझ्याकडे सगळ्याच बाजूंनी येतात. काहींत तुमचे दादा तिच्या लोकांबद्दल बोलत असतात, काहींत तिचा भाऊ तुमच्या लोकांबद्दल. मजकूर तोच, 'ती माणसं' तेवढी बदलतात. तेव्हा नावांवाचून आपलं काही अडत नाही.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. जास्त बोचते आहे ती मधली, असं पत्राच्या सुरावरून वाटतं. म्हणून तिथूनच धरते.

'सगळे धर्म सारखेच' असं मनापासून वाटत नसेल तर म्हणू नका. कुणाला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नको. मुळात ते खरंही नाही. बौद्ध आणि जैन परंपरा जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत. ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम श्रद्धेचा तर तोच पाया. येशू क्रुसावर मरण पावला आणि पुन्हा उठला, यावर ख्रिस्ती धर्म उभा आहे. कुराण येशूला पैगंबर म्हणून मान देतं, पण तो क्रुसावर मेला हे नाकारतं. एकीकडे जीव पुन्हा पुन्हा जन्म घेतो, दुसरीकडे एकच आयुष्य आणि मग निवाडा. हे सगळं किरकोळ म्हणून झटकून टाकणाऱ्याने बहुधा कुणाचंच नीट ऐकलेलं नसतं. अशा वेळी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट हमखास निघते. मला ती फारशी आवडत नाही. तिच्यात सांगणारा तेवढा डोळस असतो आणि बाकी सारे आंधळे. नम्रपणाच्या नावाखाली केवढा तो तोरा!

मतभेद उघड बोलून दाखवणं वेगळं आणि माणसाशी वैर धरणं वेगळं. एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' वाचला आहे का? सोळाव्या शतकातली रचना. त्यात दोघे एकमेकांच्या देवाधर्मावर भीडभाड न ठेवता तुटून पडतात, आणि भांडून भांडून शेवटी गळाभेट घेतात. आज कुणी ते ग्रुपवर टाकलं तर निम्मे लोक अर्ध्यावरच ग्रुप सोडून जातील.

तर मग तुमच्यात आणि दादांच्यात फरक काय? तो सांगायला मला एका कट्टर म्हणावं इतक्या धर्मनिष्ठ माणसाची हकीकत हवी आहे. अमीर अब्दुल कादिर हा अल्जीरियाचा. विद्वान, सूफी वळणाचा मुसलमान. फ्रेंच सैन्याने त्याचा देश गिळायला घेतला तेव्हा तो वर्षानुवर्षं लढला. १८४७ साली त्याला शरण जावं लागलं, फ्रान्समध्ये कैद भोगावी लागली, आणि सुटल्यावर तो पुढे सीरियातल्या दमास्कसला जाऊन राहिला. १८६० च्या जुलै महिन्यात त्या शहरात ख्रिश्चनांच्या कत्तली सुरू झाल्या. तेव्हा त्याने आपल्याबरोबर आलेली अल्जीरियन माणसं रस्त्यावर उतरवली, ख्रिश्चनांना शोधून शोधून आपल्या वाड्यात आणलं नि किल्ल्यात पोचवलं, आणि 'त्यांना आमच्या हवाली कर' म्हणत दारात आलेल्या जमावाला माघारी लावलं. हजारो जीव वाचले. आता बघा, ज्यांनी त्याचा देश घेतला ते ख्रिश्चनच होते. 'तुमच्या लोकांनी माझ्या लोकांचं काय केलं' हे म्हणायचा हक्क त्याच्याइतका फार थोड्यांना असेल. पण दमास्कसच्या गल्लीतल्या माणसाला त्याने फ्रेंच सेनापतीचा हिशेब लावला नाही. नंतर एका बिशपला लिहिलेल्या पत्रात त्याने कारणही सांगितलं: हे आपण आपल्या धर्माच्या आज्ञेला धरून आणि माणसाच्या हक्कांखातर केलं. श्रद्धा पातळ करून तो उदार झाला नव्हता. श्रद्धा होती म्हणूनच तो दारात उभा राहिला.

माझं म्हणणं एवढंच आहे की पूर्वग्रह आणि श्रद्धेचा जोर यांचा संबंध आपण समजतो तसा नसतो. पूर्वग्रहाचा संबंध मापाशी आहे. दादांच्या हातात दोन मापं आहेत. आपल्यातल्या कुणी वाईट केलं तर 'तो माणूसच तसा', त्यांच्यातल्याने केलं तर 'ते सगळेच तसे'. आपल्यातल्याने चांगलं केलं तर 'आमचे संस्कार', त्यांच्यातल्याने केलं तर 'अपवाद'. तुमचा धर्म तुम्हाला कितीही खरा वाटो, तुमच्या हातात एकच माप असेल तर तुम्ही दादांसारख्या नाही. आणि उलटही: स्वतःला निधर्मी, पुरोगामी म्हणवणाऱ्या कितीतरी लोकांच्या हातात मी दोन मापं पाहिली आहेत. श्रद्धाळू माणूस दिसला की त्यांचं दुसरं माप बाहेर येतं.

स्वतःचं माप तपासायला मला एका माणसाची तीन पथ्यं उपयोगी पडतात. क्रिस्टर स्टेन्डाल हे स्टॉकहोमचे ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, बिशप होते. १९८५ साली तिथे मॉर्मन पंथाचं मंदिर उभं राहत होतं आणि त्याला विरोध चालला होता. तेव्हा पत्रकारांसमोर ते जे बोलले त्याचा आशय असा: दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायचा तर तो पाळणाऱ्यांना विचारा, त्याच्या शत्रूंना नको. आपल्यातलं उत्तम आणि त्यांच्यातलं नीच यांची तुलना करू नका. आणि तिसरं, दुसऱ्याच्या धर्मातल्या एखाद्या गोष्टीचा पवित्र हेवा वाटायला मनात जागा ठेवा. लक्षात घ्या, बोलणारा दुसऱ्या पंथाचा धर्मगुरू आहे. मॉर्मन शिकवण त्याला पटत होती असं मुळीच नाही.

पहिली दोन पथ्यं कळायला सोपी आहेत, पाळायला कठीण. घरच्या ग्रुपवरचे व्हिडिओ ही दोन्ही एकदमच मोडतात: माहिती शत्रूची, आणि तुलना आपल्या संतांची त्यांच्या गुंडांशी.

तिसऱ्या पथ्यावर मात्र मी पुष्कळ रेंगाळले आहे. मीही तुमच्यासारखीच श्रद्धेतली बाई. माझ्या प्रार्थनेची वेळ माझ्या आळसाप्रमाणे पुढेमागे होते, म्हणून दिवसातून पाच वेळा हातातलं काम ठेवून उभ्या राहणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. क्वेकर या ख्रिस्ती पंथातली मंडळी एकत्र जमून नुसती गप्प बसतात, आतून काही आलंच तर एखादं माणूस उठून बोलतं. एरवी इतकं बडबडणाऱ्या मला ती शांतता हवीशी वाटते. ज्यूंचा शब्बाथ, आठवड्यातला एक पूर्ण दिवस जगाला 'आज नाही' असं सांगणारा. जैनांची संवत्सरी, जेव्हा वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलेल्यांची उघडपणे क्षमा मागतात. मला ते कोणत्याही तत्त्वज्ञानापेक्षा अवघड वाटतं. यातलं काहीही मी माझ्या धर्मात ओढून आणलेलं नाही. पण हेवा वाटायला लागल्यापासून त्या लोकांबद्दलची सवंग वाक्यं कानाला खुपतात. तर्काने एवढं काम झालं नसतं. तुमच्या मैत्रिणीच्या धर्मातली अशी एखादी गोष्ट तुम्हाला आत्ता आठवली असेल. ती तिला कधी सांगितली आहे का?

एका माणसाचा किंवा मूठभरांचा दोष साऱ्या समाजावर टाकायची खोड किती चिवट असते, याचं उदाहरण म्हणून एक तारीख सांगते: २८ ऑक्टोबर १९६५. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या ज्यूंना सरसकट, आणि आजच्या ज्यूंना तर मुळीच लावता येणार नाही, असं कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत त्या दिवशी जाहीर केलं. बाजूने २,२२१ मतं, विरोधात ८८. त्या आरोपाच्या नावाखाली त्याआधी शतकानुशतकं माणसं मारली गेली होती. आणि हे करताना चर्चने स्वतःचा विश्वास सोडला नाही. दुसऱ्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही, असं त्याच जाहीरनाम्यात लिहून ठेवलं. दोन हजार वर्षांच्या संस्थेला इतका वेळ लागला, तर दादांना एका रविवारात समजेल अशी अपेक्षा धरू नका.

आता दादांचं ते कौतुक. 'तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच नाही.' ते मुद्दाम दुखवायला बोलले नाहीत, यावर माझा विश्वास आहे. खरं तर त्या संध्याकाळी त्यांच्या मनात काहीतरी हललं असणार. समोर एक हुशार, हसरी, आपल्या बहिणीच्या उशाशी जागलेली बाई बसली होती आणि डोक्यातलं चित्र तिच्याशी जुळेना. अशा वेळी मन दोनपैकी एक करतं: चित्र बदलतं, नाहीतर समोरच्या माणसाला चित्राबाहेर काढतं. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहावरच्या आपल्या ग्रंथात ही युक्ती नोंदवून ठेवली आहे. एखाद्याला अपवाद म्हणून आत घ्यायचं आणि कुंपण लगेच पुन्हा बंद करून टाकायचं, म्हणजे बाकीच्यांबद्दलचं मत शाबूत राहतं. दादांनी तेच केलं. म्हणून ते वाक्य तिला लागलं. आपल्या आईवडिलांना, भावंडांना, आपल्या सगळ्या गणगोताला कुंपणाबाहेर ठेवून आत ये, असं ते आमंत्रण होतं. ते कुणाला गोड लागेल?

'एकमेकांना भेटलं की गैरसमज दूर होतात' असं आपण सहज म्हणतो. ऑलपोर्टने तेव्हाच बजावलं होतं की नुसती भेट पुरत नाही. बरोबरीचं नातं हवं, दोघांना मिळून करायचं काहीतरी काम हवं, आणि ज्यांचा शब्द चालतो त्यांचा पाठिंबा हवा. तुमच्या ऑफिसात हे सगळं आहे, म्हणून तुमची मैत्री झाली. तुमच्या दिवाणखान्यात दादा यजमानाकडचे वडीलधारे होते आणि ती पाहुणी. ती जणू परीक्षेला बसली होती आणि दादांनी तिला पास केलं. पुढे कधी दोघांची गाठ पडलीच, तर गप्पांपेक्षा कामात पडू द्या. तिला ठाऊक असलेलं आणि दादांना अडलेलं असं काहीतरी निघतंच.

दादा म्हणतील, 'पण बातम्यांत तेच लोक दिसतात, मी काय खोटं बोलतो?' ते खोटं बोलत नसतात, त्यांना तसं दिसतच असतं. हॅमिल्टन आणि गिफर्ड या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९७६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना काल्पनिक माणसांबद्दलची ३९ वाक्यं वाचायला दिली. 'अ' गटाबद्दल २६: १८ चांगल्या वागण्याची, ८ वाईट. 'ब' गटाबद्दल १३: ९ चांगली, ४ वाईट. प्रमाण अगदी सारखं. पण वाचून झाल्यावर लोकांना 'ब' गटाची वाईट कृत्यं होती त्याहून जास्त आठवली. लहान गट नजरेत भरतो, वाईट गोष्ट नजरेत भरते, आणि दोन्ही एकत्र आली की मनात गाठ बसते. हे दोन्ही गट कागदावरचे होते, त्यांचं कुणाशी ना प्रेम ना वैर. दादांच्या बाबतीत वर भीती आहे, राग आहे आणि रोजचा एक व्हिडिओ आहे. तोच दावा पुन्हा पुन्हा कानावर पडला की तो खरा वाटायला लागतो, हेही तपासून झालेलं आहे.

पण हे आकडे दादांना ऐकवू नका! ते तुमच्यासाठी सांगितले, त्यांच्याबद्दल तुमच्या मनात तिरस्कार वाढू नये म्हणून. आकडे ऐकवले की वाद होतो, वाद झाला की वडीलकी दुखावते, आणि मग माघार घेणं दादांना शक्यच राहत नाही.

त्यांच्याशी एकांतात बोला. ग्रुपवर चारचौघांसमोर तर नकोच. आणि बोलण्याची सुरुवात त्यांच्यापासून करा, तिच्या धर्मापासून नको. अमेरिकेत ब्रूकमन आणि काला या दोन अभ्यासकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेलं काम मला इथे आठवतं. मायामीत ट्रान्सजेंडर लोकांबद्दलच्या पूर्वग्रहावर त्यांनी घरोघरच्या संभाषणांचा परिणाम मोजला. सुमारे दहा मिनिटांचं बोलणं, दोष न देता. घरातल्या माणसाला विचारायचं, तुम्ही वेगळे आहात म्हणून तुम्हाला कुणी कधी नावं ठेवली होती का, आणि मग ते सांगतील ते नीट ऐकायचं. पूर्वग्रह कमी झाला आणि परिणाम निदान तीन महिने टिकला. तुम्हीही विचारा: 'दादा, तुम्हाला न ओळखता कुणी तुमच्याबद्दल मत करून घेतलं होतं का कधी?' वडिलांच्या माघारी लहान वयात घर ओढणाऱ्या माणसाकडे याचं उत्तर नसेल असं होणार नाही. कुणीतरी त्यांना 'बापाविना वाढलेली पोरं' म्हणून हिणवलं असेल, कुणी उधार नाकारलं असेल. ते बोलत असताना मध्ये शिरू नका. त्यांचं बोलून झाल्यावर मग तिचं सांगा: 'त्या दिवशी तुम्ही कौतुकाने बोललात, पण तिला तसंच काहीतरी लागलं, दादा.' बस्स. पुढचं त्यांच्यावर सोडा. लगेच कबुली मागू नका.

उपकारांचं ओझं मला समजतं. पण तुम्ही त्यांच्या विरोधात उभ्या राहत आहात असं मला दिसत नाही. ज्याने आपल्याला वाढवलं त्याच्या तोंडून न शोभणारं बोलणं निघतंय हे त्याला सांगणं, हा त्याच मायेचा भाग आहे. अशोकाचा बारावा शिलालेख याबद्दल फार नेमकं बोलतो. हा राजा स्वतः बुद्धाच्या मार्गाला लागलेला, तरी सगळ्या पंथांना उद्देशून दगडावर कोरतो की मुळाशी हवा तो जिभेवरचा संयम. कारण नसताना आपल्या पंथाची थोरवी आणि दुसऱ्याची निंदा करू नये. आणि पुढे तर असं म्हणतो की आपल्या पंथावरच्या भक्तीपोटी जो दुसऱ्याची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. दादांना धर्माचा अभिमान आहे ना, मग हा मुद्दा त्यांना तुमच्या आकड्यांपेक्षा लवकर पोचेल. 'आपल्या धर्माचं नाव घेऊन असं बोललेलं मला सहन होत नाही' हे तुम्ही, रोज प्रार्थना करणारी बहीण, म्हणू शकता. तुमच्या मुलाने म्हटलं तर त्याला वजन येणार नाही. तुमची श्रद्धा इथे अडचण नाही. या घरात बोलायचा अधिकार तिनेच तुम्हाला दिला आहे.

आणि ग्रुपवर? तिथे भाषण नको, पण आता मौनही नको. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ ग्रुपवरच्या प्रत्येकाने 'हिलाही पटतंय' असाच घेतला असणार. त्यात तुमची भाचरंही आहेत, ती बघताहेत. एक ओळ पुरे: 'हे खरं आहे का ते तपासलंय का कुणी? मला असले व्हिडिओ नको आहेत.' दर वेळी तीच ओळ, त्याच शांतपणे. चिडचिड केलीत तर गंमत म्हणून आणखी दहा येतील. पटत नसलेले दोघंतिघं तरी त्या ग्रुपवर असतील. कुणीतरी आधी बोलायची ते वाट बघत असतात.

मुलाचं सांगायचं तर तो चिडला आहे ते मला आवडलं. त्याचं निम्मं खरंही आहे. धर्माच्या नावाने झालेल्या रक्तपाताची यादी त्याच्याकडे असेल आणि ती खोटी नसेल. त्याला फक्त त्याच्याच वयाच्या मुलांवरचा एक प्रयोग सांगा. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, क्ले आणि कँडिन्स्की, आणि तुमच्या आवडीप्रमाणे दोन गट केले असं सांगितलं. प्रत्यक्षात वाटणी कशीही केली होती. आपल्या गटात कोण, दुसऱ्या गटात कोण, कुणालाच ठाऊक नाही. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. दुसऱ्या गटाशी अंतर वाढणार असेल तर आपल्या वाट्याला थोडं कमी आलं तरी चालेल, इथवर मजल गेली. यात धर्म कुठे होता?

अल्बेनियाची गोष्टही त्याला शोधून वाचायला लावा. दुसऱ्या महायुद्धात त्या बहुसंख्य मुस्लिम देशातल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांनी परक्या ज्यू कुटुंबांना पाहुणे म्हणून लपवलं. युद्ध संपलं तेव्हा तिथे ज्यूंची संख्या आधीपेक्षा जास्त होती. त्याच देशात १९६७ साली सरकारने धर्मच बंद करून टाकला, मशिदी आणि चर्चना कुलपं ठोकली, धर्मगुरूंना तुरुंगात टाकलं. धर्म काढून घेतला म्हणून क्रौर्य गेलं नाही. धर्म होता म्हणून माणुसकी आली, असंही मी सरसकट म्हणणार नाही. मुलाला हे दोन्ही एकत्र डोक्यात ठेवता येतं का, बघा. सोळाव्या वर्षी जमतं, पुढे अवघड होत जातं.

तो स्वतः कुठलाच धर्म मानणार नाही म्हणाला, तर घाबरू नका. महात्मा फुल्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात, जे त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालं, एक घर आहे: बाई बौद्ध, तिचा नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, प्रत्येक जण आपापल्या मर्जीने झालेला. आणि सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता, गोडीगुलाबीने एकत्र राहायचं. धर्मांवर इतकी कठोर टीका करणारा माणूस हे घर रंगवतो, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्या धर्मस्वातंत्र्याची बाजू तुम्ही दादांपुढे मांडणार आहात, त्यात धर्म न मानण्याचं स्वातंत्र्यही येतं. ते आधी आपल्या मुलाला द्या.

आता राहिली मैत्रीण. हे शेवटी लिहिते आहे, पण करायचं आहे सगळ्यात आधी, दादांशी बोलायच्याही आधी.

तिला भेटा. ऑफिसच्या गडबडीत नको, आणि तुमच्या घरी तर नकोच. तिच्या घरी जाऊ का विचारा, नाहीतर बाहेर कुठेतरी बसा. दादा मनाचे चांगले आहेत, त्यांनी आयुष्यभर किती सोसलं, हे तिला समजावायला जाऊ नका. ते तिचं काम नाही. जे झालं तेवढंच सांगा: दादा जे बोलले ते लागण्यासारखं होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं आणि मी हसले. माफ कर. रडू आलं तर आवरा, नाहीतर तुमची समजूत घालायची पाळी तिच्यावर येईल. ग्रुपवर काय चालतं ते तिला दाखवू नका. प्रामाणिकपणा म्हणून काही जण दाखवतात, त्याने फक्त घाव वाढतो. तिने विचारलंच तर खोटं बोलू नका.

तिच्या धर्मातल्या कुणी कुठे काय केलं, त्यावर तिचं मत कधीही मागू नका, आजही नाही, पुढेही नाही. ती तुमची मैत्रीण आहे, प्रवक्ता नाही. कदाचित ती म्हणेल, 'अगं, सोड, त्यात काय!' तेव्हा हुश्श करून विषय बदलू नका. थोडं थांबा, तिला आणखी काही बोलायचं असेल तर बोलू द्या. हे तिने किती ठिकाणी, किती वेळा ऐकलं असेल, ते कदाचित त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्या कानावर येईल. आणि ती म्हणाली की मी आता तुझ्या घरी नाही येणार, तर तेही मान्य करा. तुम्ही तिच्याकडे जात राहा.

तुमची,
ताई